गंगेचा थेंब, टर्बियमचा कण

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पाणी’ हा विषय ठरवला आणि विज्ञानाची बाजू माझ्याकडे सोपवली, तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली ती गंगाजळी. काशीयात्रा करून आलेली माणसं तांब्याचा गडू डाख देऊन बंद करून आणतात. मावंद्याच्या दिवशी त्याची पूजा होते, चार लोक जेवून जातात आणि तो गडू देव्हाऱ्यात कायमचा मुक्कामाला राहतो. ‘गंगेचं पाणी नासत नाही’ हे वाक्य ज्या घरात ऐकलं नाही असं मराठी घर विरळाच. या वाक्याचा माग काढायचा, तर त्या पाण्यात असतं काय आणि ते पाहायचं कसं, इथवर जावं लागतं. म्हणून सुरुवात वाराणसीपासून केली. वाट मात्र पुढे ट्रॉम्बे, ग्रेनोबल आणि इंदूरकडे वळली.

नागपूरच्या मुन्शींचा घाट

दशाश्वमेधाकडून दक्षिणेला चालू लागलं की अहिल्याबाई घाट लागतो आणि त्याच्या पुढे मुन्शी घाट. उजाडताना इथे दशाश्वमेधाइतकी रेटारेटी नसते. चुनारच्या पिवळसर दगडाच्या उंच पायऱ्या, डोक्यावर दरभंगा महालाच्या भिंती आणि खाली दोरांनी एकमेकींना बांधलेल्या नावा. अमरावतीकडचा यात्रेकरूंचा एक जथा गुडघाभर पाण्यात उभा होता. एक आजी पांढरा प्लॅस्टिकचा कॅन बुडवून धरत होत्या आणि सून वरच्या पायरीवरून सांगत होती, “आई, काठोकाठ नका भरू, गाडीत सांडते.”

त्या ज्या पायऱ्यांवर उभ्या होत्या त्या त्यांच्याच मुलखाच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मंत्री असलेल्या श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२च्या सुमारास हा घाट आणि वरचा महाल बांधला. १९१५ साली दरभंग्याच्या राजघराण्याने तो महाल विकत घेतला आणि लगतच्या भागाला दरभंगा घाट हे नाव पडलं. शेजारचा घाट इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांचा. नागपूर आणि इंदूर अशी मराठी दौलतीची दोन गावं इथे पायरीला पायरी लावून आहेत. आज गंगेच्या पाण्याच्या विशेष गुणांचा सरकारी अभ्यास करणारी ‘नीरी’ ही संस्था नागपुरात आहे, आणि प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडायचे तर देशातली महत्त्वाची सोय इंदुरात आहे.

हॅन्किनचं निरीक्षण आणि त्यावरची शंका

गंगेच्या गुणाची प्रयोगशाळेतली पहिली गाजलेली नोंद १८९६ची. अर्नेस्ट हॅन्किन हे आग्र्याला सरकारी रसायनतपासनीस आणि जीवाणुशास्त्रज्ञ होते. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जीवाणू सोडले तर ते काही तासांत मरतात आणि पाणी उकळलं की हा गुण जातो, असं त्यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं. पुढे १९१५ साली फ्रेडरिक ट्वॉर्टने आणि १९१७ साली फेलिक्स देरेलने जीवाणूंना खाणारे विषाणू ओळखले. देरेलने त्यांना बॅक्टेरियोफेज हे नाव दिलं. तेव्हापासून हॅन्किनला फेजचा पहिला साक्षीदार मानायची प्रथा पडली.

या प्रथेला २०११ साली धक्का बसला. स्टीफन अबेडन आणि सहकाऱ्यांनी हॅन्किनचा मूळ लेख बारकाईने वाचला. हॅन्किनने पाणी उघड्या भांड्यात तापवलं तेव्हा गुण गेला होता, पण बंद नळीत तापवलं तेव्हा तो टिकला होता. फेज हे प्रथिनाच्या कवचात बंद असतात. इतक्या उष्णतेत ते टिकायला नकोत. तेव्हा हॅन्किनने पाहिलं ते एखादं उडून जाणारं द्रव्य असण्याचा संभव अधिक. गंगेत फेज नाहीत असा याचा अर्थ अजिबात नाही. ते आहेत, आणि विपुल आहेत. पण ‘आहेत’ म्हणणं वेगळं आणि ‘हे काम तेच करतात’ हे सिद्ध करणं वेगळं.

दुसरी गोष्टही इथेच स्वच्छ सांगायला हवी. जिथे जीवाणू तिथे त्यांचे फेज. शहराचं सांडपाणी नदीत येतं, त्याबरोबर आतड्यातले जीवाणू येतात आणि त्यांच्यावर जगणारे फेज वाढतात. पाण्यात फेज सापडले म्हणजे ते पाणी प्यायला निर्धोक झालं, असं समजण्याची चूक कोणी करू नये.

फेजचा खरा उपयोग घाटापासून काही किलोमीटरवर, बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत दिसतो. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले डॉ. गोपाल नाथ आणि शल्यचिकित्सक सहकाऱ्यांनी महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांवर फेज वापरून पाहिले आणि २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंचं प्रमाण वाढत असताना या वाटेकडे जगभरचे डॉक्टर आशेने पाहताहेत.

आकार कळल्याशिवाय कुलूप उघडत नाही

फेज हाती आला तरी प्रश्न संपत नाही. एका जातीचा फेज एकाच जातीच्या, कधीकधी त्यातल्याही ठराविक जीवाणूंना धरतो. धरतो तो शेपटीच्या टोकाशी असलेल्या प्रथिनांनी. जीवाणूने आपल्या पृष्ठभागावरचं प्रथिन जरासं बदललं की फेजची पकड सुटते आणि कालचं औषध आज निकामी ठरतं. कुठला फेज कुणाला का धरतो, त्याची पकड कशी सुधारायची, हे ठरवायला त्या प्रथिनांची अणूअणूची मांडणी ठाऊक हवी.

साध्या सूक्ष्मदर्शकाची इथे मात्रा चालत नाही. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या हजारो पट असते. अणूच्या मापाची तरंगलांबी क्ष-किरणांची. पण एकटा रेणू क्ष-किरणांना इतका थोडा विखुरतो की नोंद घेण्याजोगं काही हाती येत नाही. अब्जावधी रेणू एकाच दिशेला तोंड करून ओळीने बसले, तरच त्यांचं विखुरणं एकमेकांत मिळून पडद्यावर ठिपके उमटवतं. असा ओळीने बसलेला समूह म्हणजे स्फटिक. विषाणूच्या प्रथिनाचा चांगला स्फटिक मिळवणं ही या शास्त्रातली सर्वांत अवघड पायरी आहे. पैसा आणि यंत्रं असूनही ती अनेकदा वर्षानुवर्षं ओलांडता येत नाही.

काचेला लोंबणारा थेंब

हे काम प्रत्यक्ष कसं चालतं ते पाहायला पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बसलो. टेबलावर चोवीस खळगे असलेली प्लॅस्टिकची तबकडी होती. संशोधक विद्यार्थिनीने प्रत्येक खळग्यात अर्धा मिलिलिटर द्रावण भरलं. कशात अमोनियम सल्फेट, कशात पॉलिएथिलीन ग्लायकॉल, कशाची आम्लता जरा कमी, कशाची जरा जास्त. खळग्याच्या काठावर ग्रीस फिरवून झालं. मग तिने एका गोल काचेवर शुद्ध केलेल्या प्रथिनाचा एक मायक्रोलिटरचा थेंब ठेवला, त्यात खळग्यातलं तेवढंच द्रावण मिसळलं, काच अलगद उलटी केली आणि ग्रीसवर दाबून बसवली. थेंब आता काचेला खाली लोंबत होता.

खळग्यातलं द्रावण थेंबातल्यापेक्षा दाट असल्यामुळे थेंबातलं पाणी वाफ होऊन हळूहळू खाली जातं. थेंब आटतो आणि प्रथिनाला पाण्यात राहणं कठीण होत जातं. आटण्याचा वेग फार झाला तर प्रथिन घाईने बाहेर पडतं आणि नुसता साका बसतो. वेग बेताचा असेल, तर काही रेणू नीट जुळून बसतात आणि त्यांच्यावर बाकीचे रचले जातात. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात, तसा इथेही पहिल्या काही रेणूंना आधार मिळाला तर पुढचं काम सुकर होतं. हा पहिला आधार, म्हणजे केंद्रकबीज, आपोआप तयार होण्याची वाट पाहण्यात बहुतेक वेळ जातो.

तबकड्या ठराविक तापमानाच्या कपाटात जातात. दर काही दिवसांनी एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि वहीत नोंद करायची: स्वच्छ, साका, स्वच्छ, साका. कधीतरी कोन असलेलं काहीतरी चमकतं. तेव्हाही आनंद आवरावा लागतो, कारण तो द्रावणातल्या क्षाराचा स्फटिक असू शकतो. ओळखायची जुनी रीत म्हणजे सुईने हलकेच दाबून पाहणं. क्षाराचा स्फटिक कडक असतो, प्रथिनाचा भुसभुशीत. त्याचं कारण त्याच्या आतच आहे: प्रथिनाच्या स्फटिकाचा साधारण निम्मा भाग पाणीच असतो.

टर्बियम इथे काय करतं

आवर्त सारणीच्या तळाशी स्वतंत्र मांडलेल्या दोन ओळींपैकी वरची लँथनाइडांची. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत, ५७ ते ७१ क्रमांकाची ही पंधरा मूलद्रव्यं गुणांनी इतकी सारखी की त्यांना एकमेकांपासून वेगळं करण्यात रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या खर्ची पडल्या. त्यातलं टर्बियम १८४३ साली कार्ल मोसांडरने ओळखलं. गॅडोलिनियम तर आपल्या ओळखीचं आहे. एमआरआयच्या वेळी शिरेतून जे औषध देतात त्यात बहुधा तेच असतं.

प्रथिनशास्त्रज्ञांना लँथनाइड हवेसे वाटतात ते तीन कारणांनी. पहिलं कारण कॅल्शियमचं. लँथनाइडचे आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाजवळ जातात, त्यामुळे प्रथिनात कॅल्शियमसाठी राखलेल्या जागेत ते सहज बसतात. ब्रायन मॅथ्यूज यांच्या गटाने १९७२ साली थर्मोलायसिन या प्रथिनात ही अदलाबदल दाखवून दिली.

दुसरं कारण स्फटिकशास्त्रातल्या मूळ अडचणीशी निगडित आहे. क्ष-किरणांचे ठिपके किती ठळक आहेत हे मोजता येतं, पण तो तरंग कुठल्या टप्प्यावर असताना आदळला हे कळत नाही. ही माहिती नसेल तर ठिपक्यांवरून रेणू उभा करता येत नाही. मॅक्स पेरुट्झने १९५०च्या दशकात हिमोग्लोबिनला पाऱ्याचे अणू जोडून यातून वाट काढली. जड अणू ठिपक्यांत मोजता येण्याजोगा फरक पाडतो, आणि त्या फरकावरून हरवलेला टप्पा काढता येतो. कार्बनकडे इलेक्ट्रॉन ६, टर्बियमकडे ६५. शिवाय क्ष-किरणांची तरंगलांबी १.६५ अँगस्ट्रॉमच्या आसपास नेली की टर्बियम त्यांना खास जोराने प्रतिसाद देतं. एकाच स्फटिकावरून काम भागू शकतं ते यामुळे.

तिसरं कारण उजेडाचं. टर्बियमवर अतिनील प्रकाश पडला की ते हिरवं चमकतं.

हे तिन्ही गुण एका रेणूत आणायचं काम फ्रान्समध्ये झालं. ग्रेनोबलच्या संरचनात्मक जीवशास्त्र संस्थेतले एरिक जिरार आणि लियॉंच्या एकोल नॉर्माल सुपेरियरमधले ऑलिव्हिए मोरी यांच्या गटांनी २०१७ साली ‘क्रिस्टलोफोर’ प्रसिद्ध केला. यात टर्बियमचा आयन एका कंकणाकृती सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेला असतो, मात्र त्याची एक बाजू मोकळी असते. त्या मोकळ्या बाजूने तो प्रथिनावरच्या ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांच्या ऋणभारित टोकांना चिकटतो. कधी शेजारच्या दोन रेणूंच्या मध्ये बसून त्यांना जोडतो, आणि केंद्रकबीज तयार व्हायला मदत होते. त्या पहिल्या लेखात आठ प्रथिनांवर याचा प्रयोग होता, आणि त्यातल्या दोहोंची रचना तोवर अज्ञात होती.

वापरायला ही गोष्ट सोपी. प्रथिनाच्या द्रावणात थोडं क्रिस्टलोफोर मिसळायचं आणि थेंब नेहमीसारखे लावायचे. मग अतिनील दिव्याखाली तबकडी धरली की टर्बियम धरून बसलेला प्रथिनाचा स्फटिक हिरवा दिसतो आणि क्षाराचा अंधारात राहतो. सुईची गरज उरत नाही. पथ्यं मात्र पाळावी लागतात. फॉस्फेट असलेल्या द्रावणात सुटा लँथनाइड आयन फॉस्फेटबरोबर साका होऊन बसतो, आणि सायट्रेट किंवा ईडीटीए असेल तर ते धातूला प्रथिनापर्यंत पोचूच देत नाहीत. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत फॉस्फेटचं द्रावण हा रोजचा परिपाठ, त्यामुळे इथे आधी सवय बदलावी लागते.

टी५ची शेपूट

आता फेजकडे परत येऊ. टी५ हा आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूवर जगणारा लांब, लवचिक शेपटीचा फेज. त्याच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पीबी९ या प्रथिनाचं कडं असतं. पकड घेणारे भाग याच टोकाला जोडलेले असतात. पीबी९ची रचना २०१४ साली ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाली. लेखकांत सेसिल ब्रेयतों आणि पास्काल बूलांजे या फेजच्या अभ्यासकांच्या बरोबरीने जिरार आणि मोरी हे लँथनाइडवाले होते. विषाणूचा अभ्यासक आणि धातूचा रसायनज्ञ एका टेबलाशी बसले, तेव्हा हे प्रथिन उलगडलं.

उलगडल्यावर दिसलं ते महत्त्वाचं होतं. पीबी९चा मूळ साचा इतर लांब शेपटीच्या फेजमध्येही सापडतो, अगदी वेगळ्या घराण्यातल्या जीवाणूंवर जगणाऱ्या फेजमध्येसुद्धा. म्हणजे यजमान बदलले, टोकाची हत्यारं बदलली, पण ती बसवायचा पाया तोच राहिला. ज्याला फेजची पकड दुसऱ्या रोगजंतूकडे वळवायची आहे, त्याच्यासाठी ही माहिती पायाभूत आहे. पुढे टी५ची जीवाणूच्या दारावरची नेमकी पकड क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली. मोठ्या, एकत्र जोडलेल्या रचनांसाठी ते साधन सरस. सुट्या, लहान प्रथिनांसाठी स्फटिकाचा मान अजून टिकून आहे.

चवळी, हादगा आणि कॅल्शियमची जागा

वनस्पतींच्या विषाणूंनी ही गोष्ट वेगळ्या बाजूने शिकवली. चवळीवर पडणाऱ्या एका विषाणूचं कवच १८० सारख्या प्रथिनांचं असतं आणि शेजाऱ्यांच्या सांध्यात कॅल्शियम बसतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या ट्रेव्हर डग्लस आणि मार्क यंग यांच्या गटाने २००३ साली टर्बियमच्या चमकेवरून धातू या कवचाला कसा धरतो ते मोजलं.

आपल्याकडे याच्या जवळचं काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालं. ज्याच्या फुलांची भाजी आपण आवडीने करतो त्या हादग्यावर सेसबानिया मोझेक विषाणू पडतो. एम. आर. एन. मूर्ती आणि एच. एस. सावित्री यांच्या गटांनी त्याचे स्फटिक करून १९९५ साली ३ अँगस्ट्रॉमपर्यंतची रचना मांडली. इथेही १८० प्रथिनं आणि त्यांच्या सांध्यात कॅल्शियम. विषाणूचं कवच बाहेर घट्ट राहतं आणि पेशीत शिरल्यावर सुटतं, त्यात या धातूचा मोठा वाटा असतो. मुलांना होणाऱ्या जुलाबाच्या रोटाव्हायरसचं बाहेरचं आवरणही कॅल्शियमवरच तगून असतं. धातू विषाणूच्या जीवनाचा भाग आहे, म्हणूनच धातूच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचता येतं.

ट्रॉम्बेचा धडा

प्रत्येक विषाणूला लँथनाइड लागतंच असं नाही, हे महाराष्ट्रातल्या एका भक्कम उदाहरणातून कळतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम. व्ही. होसूर यांच्या गटाने एड्सच्या विषाणूच्या प्रोटीएजवर दीर्घकाळ काम केलं. हे विकर विषाणूची लांब प्रथिनसाखळी नेमक्या जागी कापतं. ते अडवलं की विषाणू पक्व होत नाही. प्रत्येकी ९९ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या मिळून ते बनतं. होसूर यांच्या गटाने त्या दोन साखळ्या पाच अमिनो आम्लांच्या दुव्याने जोडलेलं रूप वापरलं. तयार स्फटिक त्या विषाणूच्या प्रथिनसाखळीच्या एका तुकड्याच्या द्रावणात भिजवले आणि स्फटिकाच्या आतच कापण्याची क्रिया घडू दिली. स्फटिकात निम्मं पाणी असतं म्हणूनच हे शक्य होतं. २००६ साली अमेरिकेच्या ‘पीएनएएस’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखात परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या स्मिता महाले होत्या आणि ग्रेनोबलचे दोन संशोधकही.

या प्रोटीएजची मूळ रचना १९८९ सालीच ठाऊक झाली होती. ओळखीचा साचा हाताशी असेल तर हरवलेला टप्पा त्यावरून काढता येतो. जड अणूची गरज पडते ती ज्याच्यासारखं आधी काही पाहिलेलंच नाही अशा प्रथिनासाठी. आता अल्फाफोल्डसारखे संगणकी अंदाज असा साचा पुष्कळदा पुरवतात, त्यामुळे टर्बियमचं ते एक काम कमी होत चाललं आहे. पण संगणक थेंबात स्फटिक उगवून देत नाही. केंद्रकबीज देणारा आणि हिरवा दिसून आपला पत्ता सांगणारा टर्बियम तिथे अजून हवाच.

दुवे जोडायचे आहेत

एप्रिल २०२५मध्ये चीनने टर्बियम, गॅडोलिनियमसह सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि या धातूंचं नाव वर्तमानपत्रात आलं. मोटारींच्या चुंबकांना ते टनांनी लागतात, स्फटिकवाल्यांना मिलिग्रॅमनी. आपल्या किनाऱ्यांवरच्या मोनाझाइट वाळूतून दुर्मीळ मृदा काढणाऱ्या सरकारी कंपनीचं, आयआरईएलचं, मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. प्रयोगशाळेपुरता धातू ही अडचण नाही.

क्ष-किरणांचीही अडचण नाही. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात क्ष-किरण देणारा २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे आणि त्याची एकविसावी बीमलाइन प्रथिनांच्या स्फटिकांसाठी राखलेली आहे. ती उभारली भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी. फेज वाराणसीत आहेत, नदीच्या पाण्याचा अभ्यास केलेली माणसं नागपुरात आहेत, प्रथिन शुद्ध करून थेंब लावणारे हात पुण्या-मुंबईत आहेत.

कमतरता आहे ती या सगळ्यांना एका कामावर पाच-सात वर्षं टिकवून ठेवणाऱ्या व्यवस्थेची. स्फटिकाचं काम तीन वर्षांच्या प्रकल्पात मावेलच असं नाही. पहिली दोन वर्षं वहीत ‘साका’ आणि ‘स्वच्छ’ एवढंच लिहिलं गेलं, तर निधी देणाऱ्याला ते अपयश वाटतं आणि विद्यार्थी विषय बदलतो. खरं तर त्या नोंदींतूनच पुढचं द्रावण ठरत असतं. पीबी९च्या बाबतीत फेजवाले आणि धातूवाले एकत्र बसू शकले. असं एकत्र बसणं आपल्याकडे विद्यापीठ, रुग्णालय आणि अणुऊर्जा खातं यांच्या वेगवेगळ्या दारांत अडकतं. गंगेतून वेगळ्या केलेल्या, रुग्णाच्या जखमेवर काम करून दाखवलेल्या फेजच्या शेपटीची रचना इंदूरच्या किरणांखाली मोजायची असं एकच उद्दिष्ट ठरवून या तीन खात्यांनी एक सामाईक प्रकल्प काढला, तर त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट देशात आजच हजर आहे. गंगेच्या पाण्यात गुण आहे असं म्हणणाऱ्या समाजाने, तो गुण नेमका कुठल्या अणूंत आहे हे शोधणाऱ्या तरुणांना तेवढी वर्षं पोसायलाच हवं.